निळ्या सुताचा आठवडा

३ मार्च, सोमवार

मैने,

तर सगळ्यात आधी टपकली ती शिंपीणबाई. पाहुण्या अजून कोपऱ्यावरच्या घरात होत्या, आणि ही गळ्यातली टेप तशीच लोंबकळत ठेवून आपल्या चांगल्या खुर्चीत येऊन बसलीसुद्धा. म्हणाली, "दोघी आहेत. एक उंच, एक चष्मेवाली. कोपऱ्यावर पाऊण तास बसल्या. आता तुमच्याकडे." मी म्हटलं, "मग तुम्ही तुमच्या घरी नको का थांबायला?" तर म्हणते, "माझ्या घरी काय विचारतील ते मला कळणारच आहे. तुमच्याकडचं कसं कळणार?" तू जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिची जीभ अजून तिच्या कात्रीच्या पुढेच पळते.

थांब. आधीचं आधी सांगायला हवं. तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, पण मिळालं. 'मुलगी सात वर्षांची झाली. तुझ्यासारखी बडबडते.' आणि फोटो. अगं, मी आजी आहे! सात वर्षं आजी आहे आणि मला पत्ताच नाही, म्हणजे ही सात वर्षं मी उगीचच नुसती बाई म्हणून काढली. पुढचे दोन दात पडलेत ना तिचे? कान माझे आहेत, हे मी लिहून देते. नाक कोणाचं ते मी बोलत नाही, तुला आरशात दिसतंच रोज. फोटो मी रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय, धुऊन पुसून, वर झाकण घट्ट. शिंपीणबाईला आठ वेळा दाखवला. नवव्या वेळी ती म्हणाली, "पाठ झालाय मला."

तर त्या दोघी. सर्वेक्षणाच्या बाया. घरोघर जाऊन विचारतात, कोणाला कॅन्सर आहे, कोणाला होऊन गेला, कोण त्यात गेलं, कोण काय काम करतं. मी तर हरखूनच गेले. आपल्या घरात बसून कोणीतरी मला प्रश्न विचारणार! शिंपीणबाईला उठवलं, चांगली खुर्ची चष्मेवालीला दिली, डुगडुगती मी घेतली, चहा ठेवला आणि बसले तयार होऊन. उंच बाईने फॉर्म काढला आणि म्हणाली, "कारखान्याचं कार्ड कोणाच्या नावावर आहे?"

तुझे बाबा म्हणाले, "माझ्या."

झालं. तिने खुर्चीच तिकडे वळवली.

पद्धत अजून तीच आहे. कारखाना पांढऱ्या सुताच्या लडी देतो, त्या रंगवायच्या घरोघरी, आणि घरटी एक कार्ड, घरातल्या पुरुषाच्या नावाचं. तुझे बाबा अजून सायकलवरून लडी आणतात आणि नेतात. रंगाच्या वाफेने त्यांना शिंका येतात, म्हणून ते ओट्यावर बसतात. पिंपाजवळ ते कधी आलेले मला आठवत नाहीत. एकदा आले होते, तू तिथे घसरून पडलीस तेव्हा.

फॉर्मवर त्यांच्या नावापुढे लिहिलं: काम, सूत रंगवणे. वर्षं, एक्केचाळीस. खालच्या रेघेवर माझं नाव, आणि पुढे: घरकाम. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा उतू गेला.

मग चष्मेवाली बोलली. ती डॉक्टर आहे, दिसते शाळेतल्या पोरीएवढी. म्हणाली, रंगकामाच्या वस्तीत लघवीच्या पिशवीचा कॅन्सर होतो का, ते त्या बघतायत. तिच्या यादीत आपल्या गल्लीतले सहा जण आहेत. सहाच्या सहा पुरुष, बाई एकही नाही. म्हणाली, हा तसाही पुरुषांना जास्त होतो, सगळीकडेच, चारातले तीन तरी पुरुषच निघतात. तेव्हा शिंपीणबाई दारातून म्हणाली, "चला, एक तरी गोष्ट बायांच्या वाट्याला कमी आली!" सगळे हसले. मीही हसले, मोठ्याने.

कप धुताना मात्र मनात आलं, मग तुझी काकू कशाने गेली?

पुढचं पुढच्या पत्रात. कागद संपला. हा लडीच्या गठ्ठ्यावरचा कागद आहे, जाड आहे पण शाई पितो.

तुझी आई

*

९ मार्च, रविवार

मैने,

आज शाळेत तपासणी होती. बाकांवर म्हातारे बसवले होते, गुडघे हनुवटीला टेकलेले, जसे काही नापास होऊन पुन्हा पहिलीत आले. प्रत्येकाच्या हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा कप, कपावर नाव. कार्डवाल्यांनाच कप होते. बायका भिंतीकडेने उभ्या, कोणाच्या हातात नवऱ्याची काठी, कोणाच्या हातात चष्मा. मी तुझ्या बाबांचं झाकण धरून उभी होते.

तुझा काका तर नवरदेवासारखा मिरवत होता. त्याला चार वर्षांमागे झाला होता ना हाच, आणि बरा झाला. तुला कुठून माहीत असणार म्हणा. त्याला एकदा, मैने, फक्त एकदा लाल दिसलं. गल्लीतल्या डॉक्टरकडे गेला, डॉक्टरने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, दुसऱ्या दिवशी मोठं हॉस्पिटल, दुर्बीण घालून तपासणी, आठवड्यात ऑपरेशन. आता जो भेटेल त्याला दुर्बिणीची गोष्ट सांगतो. आज रांगेतही सांगत होता, "एवढी लांब!" आणि हात पसरून दाखवत होता. शिंपीणबाई म्हणाली, "भावजी, दर वर्षी वीतभर वाढतेय हो ती."

मी चष्मेवालीला गाठलंच. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, एक विचारू? पुरुषांनाच का जास्त होतो?" ती चिडली नाही. माझ्यासारखीला कोणी एवढं नीट सांगत नाही. म्हणाली, एक तर बिडी ओढण्याचं व्यसन पुरुषांना जास्त. दुसरं, अशा रंगाच्या, रसायनांच्या कामावर पुरुष जास्त. तिसरं, बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरातच काही फरक असावा, त्याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हालाही कळत नाही?" ती हसली. म्हणाली, "पुष्कळ काही कळत नाही, आजी." मला आजी म्हणाली! मी म्हटलं, "आहेच मी आजी," आणि फोटो दाखवला.

मग ती म्हणाली, बायकांना हा होतो कमी, पण ज्यांना होतो त्या जास्त दगावतात, कारण त्या उशिरा येतात. मी म्हटलं, "उशिरा म्हणजे?" ती म्हणाली, लघवीत लाल दिसलं की पुरुषाला लगेच पुढे पाठवतात. बाईला म्हणतात, जळजळ असेल, वयाचं असेल, अंगावरून जात असेल. गोळ्या देतात. पुन्हा येते, पुन्हा गोळ्या.

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं. ते शोधण्यात बराच वेळ गेला.

हे मला उलगडून सांग बाई, तू शिकलेली आहेस. कमी होतो, पण जास्त मारतो. मग तो कमी कसा? तुझी काकू भिंतीच्या पलीकडे त्याच रंगात हात घालून बसायची, माझ्याएवढीच वर्षं. शेवटी नुसती हाडं राहिली होती. काय झालं म्हणून विचारलं तर सगळे म्हणायचे, बायकांचं दुखणं. कुठलं, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. ती कुठल्याच यादीत नाही. ती यादीत नाही म्हणून बायकांचा आकडा कमी, का बायकांचा आकडा कमी म्हणून तिला कोणी तपासलं नाही? मी विचार करायला लागते आणि जिथून निघाले तिथेच परत येते, पिळून पिळून लडीचा गुंता होतो तसं.

तुझ्या बाबांचा कप स्वच्छ निघाला. पाण्यासारखा. घरी येताना वाटेत तिघांना थांबवून सांगितलं, "एक्केचाळीस वर्षं रंगात काढली, आहे का काही? रंगाला उगाच बदनाम करतात." चष्मेवालीही कागदाकडे बघून म्हणाली होती, "नवल आहे," आणि तसंच लिहून घेतलं. मी मागून चालत होते. वाटलं, एवढे शिकलेले लोक लिहून घेतायत, म्हणजे रंगात खरंच काही नसेल. बरंच वाटलं म्हण ना.

एक गंमत सांगते. आल्यावर डबा उघडला तर फोटो उलटा ठेवलेला. त्यावर अंगठा उमटलाय, नीट दिसतोय, स्वच्छ. ह्या घरात स्वच्छ अंगठा एकच आहे. फोटो तसाच उलटा ठेवला, म्हणजे त्यांना कळायला नको.

तुझी आई

*

१३ मार्च, गुरुवार

मैने,

आज शिंपीणबाई नाही, कोणी नाही. हे पत्र आधी एकटीने वाच, पोरीसमोर नको.

मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली.

गेल्या साली पावसाळा सरताना मला लाल दिसलं. पण आपल्या घरात लाल दिसणं म्हणजे काय, तूच सांग. मोरी तीच, पिंपं धुवायची जागा तीच, संडासाचं पाणीही त्याच नळीने जातं. तेव्हा महिनाभर लाल सूत होतं. माझ्या नखांत लाल, टाचांच्या भेगांत लाल, साबण लाल. मी म्हटलं, उडालं असेल. बादलीभर पाणी ओतलं आणि कामाला लागले. दुसऱ्यांदा दिसलं, पुन्हा पाणी ओतलं. लाल सूत संपलं, मग पिवळं आलं, तेव्हा काही दिसलं नाही. म्हटलं, बघ, रंगच होता.

मग एका आठवड्यात पुन्हा दिसलं. आणि त्या आठवड्यात निळं सूत होतं.

मी बराच वेळ मोरीत उभी होते. हात निळे, पाय निळे, आणि खाली लाल. मला आधी खरंच कळेना. मी पिंपात डोकावून बघितलं, कुठे लाल पूड सांडलीय का. खाली वाकून वास घेतला. एवढी मूर्ख तुझी आई. मग बाहेर आले आणि उरलेल्या लडी पिळल्या, कारण दुपारी सायकल जायची होती.

डॉक्टरकडे गेले. तोच, काकाला चिठ्ठी देणारा. त्याने वर बघितलं नाही. म्हणाला, "ह्या वयात बायकांना होतं असं." गोळ्या दिल्या. तीनदा गेले, तीनदा त्याच गोळ्या. एकदा मी म्हटलं, "माझ्या दिरांना तुम्ही पुढे पाठवलं होतं." तर म्हणाला, "त्यांचं वेगळं." मी म्हटलं, बरोबर, त्यांचं वेगळं. घरी आले. आता वाटतं, लाल तर लालच की, त्यात वेगळं काय होतं?

आणि त्यात तुझ्या बाबांचा कप स्वच्छ निघाला. म्हणजे रंगाने होत नाही. मग मला कशाने होतंय? मी बिडी ओढत नाही, मी पुरुष नाही, फॉर्मवर मी रंगातही नाही. त्या हिशेबाने मला काही व्हायलाच नको. पण होतंय. कोण खोटं बोलतंय, मी का कागद?

बाबांना सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते. पण काल लडी पिळताना तुझे हात आठवले. नऊ वर्षांची असल्यापासून तू पिंपाशी होतीस. शाळेत मास्तरीणबाई म्हणायची, हात धुऊन ये, आणि तू रडत घरी यायचीस, आई, धुतलेत गं. बाविसाव्या वर्षी तू बाबांसमोर उभी राहून म्हणालीस, कार्डावर आईचं नाव घाला, काम ती करते. ते काही बोलले नाहीत. बोलले मीच. 'तुला काय करायचंय, गप्प बस,' असं मीच म्हणाले. तू त्यांच्यावर रागावून गेलीस असं सगळ्यांना सांगते. तू कोणावर रागावून गेलीस ते मला माहीत आहे.

तुला कधी लाल दिसलं का गं? एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई

*

२० मार्च, गुरुवार

मैने,

आल्या होत्या परत! आणि ह्या वेळी शिंपीणबाईला उशीर झाला, कोणाच्या तरी मापात अडकली होती. धावत आली तोवर निम्मं उरकलं होतं. तिचा चेहरा बघायला हवा होतास.

झालं काय, चष्मेवालीला ते नवल काही पचलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं रंगात, आणि माणूस खडखडीत कसा? म्हणून ती मोठा फॉर्म घेऊन आली, कामाचा, बारीक बारीक प्रश्नांचा. तुझे बाबा ऐटीत बसले. मी आत पिंप ढवळत होते. हिरवं सूत आहे सध्या.

उंच बाई म्हणाली, "पाणी किती गरम लागतं?"

बाबांनी आत आवाज दिला, "अगं, पाणी किती गरम?"

मी म्हटलं, "हात भाजेल पण काढून घ्यावासा वाटणार नाही, इतपत."

"लडी किती वेळ बुडवता?"

"अगं, किती वेळ गं?"

"रंगावर आहे! लाल असला तर जास्त."

"रंगाची पूड कशाने मोजता? मोजताना तोंडावर काही बांधता का?"

"अगं..."

तेव्हा उंच बाईचं पेन थांबलं. मी आतूनच ऐकलं ते थांबलेलं. चष्मेवाली उठून आत आली. मी ढवळत होते, कोपरापर्यंत हिरवी. तिने माझे हात बघितले, मग वळून दारातून बाबांचे हात बघितले. बाबा आपले हात बघायला लागले, जसे काही आजच फुटलेत.

मला वाटलं आता चिडतील. तुला त्यांचं माहीत आहे. मी घाईघाईने म्हटलं, "हे पण करतात हो, सायकल..." तर बाबा म्हणाले, "तिलाच विचारा. मी फक्त सायकल चालवली."

एवढंच. आणि ओट्यावर जाऊन बसले.

मग चांगल्या खुर्चीत मी बसले, मैने! हात न धुता. दांड्याला हिरवा पंजा लागलाय, मी पुसणार नाही. त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. लाल सुताचं, पिवळ्याचं, निळ्या आठवड्याचं. तीन वेळच्या गोळ्यांचं. तुझ्या काकूचंसुद्धा, तिचं नाव, ती कुठे बसायची. चष्मेवाली म्हणाली, ती गेली कशाने ते आता सिद्ध करता येणार नाही, पण काम लिहिता येईल. मी म्हटलं, लिहा. घरकाम खोडलं आणि वर लिहिलं, सूत रंगवणे, एक्केचाळीस वर्षं. मी वाचून बघितलं, दोनदा. आता मला आनंद झाला का भीती वाटली, मला सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम कागदावर चढलं, आणि चढलं ते ह्या फॉर्मवर. हसायचं का रडायचं?

मग उंच बाईने विचारलं, "ह्या घरात आणखी कोणी रंगवायचं?" तुझं नाव ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात मी अकरा वर्षांत घेतलेलं नाही.

ओट्यावरून आवाज आला, "मुलगी. नऊ ते बावीस. तेरा वर्षं."

पाठ फिरवूनच बोलले. पण आकडे बघ कसे तोंडपाठ.

माझाही कप घेतला, माझ्या नावाचा. चष्मेवालीने त्यात एक पट्टी बुडवली आणि ती पट्टी तिने बाबांच्या पट्टीपेक्षा फार जास्त वेळ बघितली. हसली नाही. म्हणाली, "आजी, दुर्बीण करावी लागेल. तेव्हाच नक्की कळेल. जे असेल ते तेव्हाच सांगेन, आज काहीच सांगत नाही." मी विचारलं, "किती लांब असते हो ती?" म्हणाली, "हातभरही नसते, आणि बोटाएवढी जाडही नसते, घाबरू नका." म्हणजे काका चार वर्षं थापा मारतोय. शिंपीणबाईला सांगितल्यावर ती म्हणाली, "उद्या मी त्यांचं मापच घेते." त्याही स्थितीत मला हसू आलं बघ.

मोठ्या हॉस्पिटलला चष्मेवाली स्वतः नेणार आहे मला. बाबा म्हणाले, मी पण येतो. मी म्हटलं, झाकण धरायला? ते म्हणाले, हो.

हिरव्या लडी तशाच पिंपात राहिल्या आज. पार गडद झाल्या असतील. बाबांनी सांगितलं, आज सायकल जाणार नाही.

तर फॉर्म असा आहे. पहिली रेघ बाबांची, खडखडीत. दुसरी माझी, तिच्यापुढे दुर्बीण लिहिलंय. तिसरी तुझी. नाव लिहिलंय, वर्षं लिहिलीत, पुढचा चौकोन रिकामा आहे, कारण त्यातलं मला विचारून भरता येत नाही. उंच बाई म्हणाली, तुम्ही अंदाजे सांगा. मी म्हटलं, अंदाजे नको, आमच्या घरात अंदाजाने फार झालं. ती आहे ना, तीच सांगेल. तिथल्या डॉक्टरला दाखवून लिहून पाठवलंस तरी चालेल. डॉक्टर वर न बघता गोळ्या द्यायला लागला तर तेरा वर्षं सांग आधी, मग दुसरं काही. आणि स्वतःच आलीस, त्या बडबडीला घेऊन, तर चांगली खुर्ची तुम्हा दोघींना पुरेल.

उंच बाई आणि चष्मेवाली पुढच्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी दहा वाजता परत येतो म्हणाल्यात.